आयपीए आणि स्पिरिटनं जॉब पुसताना: कुठल्या धातूला काय चालतं, कुठं बिघडतं

उद्यमबाग, मच्छे, होनगा, बेळगावच्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये जुलैत ही तक्रार ठरलेली. ग्राइंडिंग झालेला जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला धातूचा तुकडा, संध्याकाळी आयपीएनं लख्ख पुसून ठेवला, आणि सकाळच्या शिफ्टला त्यावर पिवळसर तांबेऱ्याचे पट्टे. मग दोष पिंपाला जातो, पुरवठादार बदलतो, आठवड्यानं पुन्हा तेच पट्टे.

आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, लोखंडाला गंजवत नाही. गंजवतं ते पाणी, आणि पावसाळ्यात ते दोन वाटांनी येतं: डब्यातल्या अल्कोहोलमध्ये मुरलेलं, आणि गार पडलेल्या जॉबवर हवेतून बसलेलं. त्यात जॉबला सांभाळणारा तेलाचा थर आपण स्वतःच पुसून टाकलेला असतो. उलट अॅल्युमिनियमच्या बाबतीत तापलेलं, अगदी कोरडं अल्कोहोल आणि टायटॅनियमच्या बाबतीत कोरडं मेथॅनॉल धोक्याचं असतं, आणि थोडं पाणी संरक्षण करतं. त्यामुळं ‘जितकं शुद्ध तितकं चांगलं’ हा हिशेब सरसकट लागू होत नाही. धातू कुठला, तापमान किती आणि अल्कोहोलमध्ये पाणी किती, या तीन गोष्टी विचारल्याशिवाय डब्याला हात लावू नये.

पृष्ठभागावर काय घडतं

आपण ज्याला उघडा धातू म्हणतो तो उघडा नसतो. हवेत आल्याबरोबर त्यावर ऑक्साइडची पातळ साय धरते, आणि त्या सायीवर हवेतल्या बाष्पाचा आणखी पातळ थर बसतो. अल्कोहोलच्या रेणूचं एक टोक पाण्यासारखं आणि दुसरं तेलासारखं असतं. पाण्यासारखं टोक ऑक्साइडकडं वळतं, तेलकट टोक बाहेर राहतं. ही पकड सैल असते. नेहमीच्या तापमानाला रेणू थोडा वेळ बसतो आणि उडून जातो, धातूला काही करत नाही.

पुसण्याला मदत होते ती मुख्यतः पृष्ठताणामुळं. पाण्याचा पृष्ठताण ७२च्या आसपास असतो, आयपीएचा २१-२२ (एकक मिलिन्यूटन प्रति मीटर). म्हणून पाणी थेंब धरून बसतं, तर आयपीए पसरतं, बारीक चरे आणि आट्यांमध्ये शिरतं, तिथलं पाणी स्वतःत मिसळून घेतं आणि घेऊन उडतं.

इथं एक आकडा पाठ करावा असा आहे: ८८. आयपीए आणि पाण्याचं मिश्रण वजनानं साधारण ८८ टक्के आयपीएला अडकतं, म्हणजे द्रव आणि वाफ दोन्हींत प्रमाण तेच राहतं. याहून जास्त आयपीए असेल तर उडता उडता मागं राहणारा द्रव आयपीएकडं झुकतो. याहून कमी असेल तर आयपीए आधी जातं आणि जॉबवर शेवटचा थेंब पाण्याचा उरतो. ७० टक्क्यांचं आयपीए लोखंडावर का चालत नाही, याचं उत्तर इतकंच आहे. एथॅनॉलसाठी हाच आकडा साधारण ९५.६ आहे. साध्या ऊर्ध्वपातनानं रेक्टिफाइड स्पिरिट त्याच्या पलीकडं जात नाही, म्हणून इंधनात मिसळायच्या एथॅनॉलसाठी डिस्टिलरीला पाणी काढायची वेगळी पायरी लागते.

कोणतं घ्यायचं

मशीन शॉपसाठी आयपीए, ९९ टक्क्यांचं. बाकी सगळं तडजोड.

डीनेचर्ड स्पिरिट, म्हणजे भेसळ केलेलं एथॅनॉल, स्वस्त पडतं, पण ते पिण्यालायक राहू नये म्हणून त्यात काय आणि किती मिसळलं आहे हे प्रत्येक पिंपाला सारखं नसतं. काही द्रव्यं उडत नाहीत, डाग ठेवतात. जुन्या, हवा लागलेल्या स्पिरिटमध्ये थोडं अॅसेटिक आम्लही तयार झालेलं असू शकतं, ते पितळेवर आणि जस्तावर दिसतं.

मेथॅनॉल पुसायच्या कामाला वापरू नये. कातडीतून आणि श्वासातून शरीरात जातं, पोटात गेलं तर थोड्या मिलिलिटरमध्येही दृष्टी जाऊ शकते. साधे नायट्राइलचे हातमोजे ते फार वेळ थोपवत नाहीत, ब्यूटाइल रबराचे लागतात. शिवाय मशीनचं जड तेल त्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणजे ज्या कामासाठी घेतलं तेही होत नाही.

आणि हँड सॅनिटायझर. २०२० नंतर बऱ्याच शॉपमध्ये त्याचे कॅन शिल्लक राहिले आणि संपवायचे म्हणून जॉबवर ओतले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयपीएच्या सूत्रात ७५ टक्के आयपीए, १.४५ टक्के ग्लिसरॉल आणि ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, बाकी पाणी. ग्लिसरॉल उडत नाही. ते जॉबवर चिकट थर धरून हवेतलं पाणी ओढत बसतं. हातासाठी चांगलं, धातूसाठी वाईट.

पिंप आल्यावर करायच्या तपासण्या

वजन. १०० मिलीचा मोजमापाचा फ्लास्क आणि ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. २० अंश सेल्सियसला १०० मिली शुद्ध आयपीएचं वजन ७८.५ ग्रॅम भरतं. वजनानं दहा टक्के पाणी शिरलं असेल तर तेच साधारण ८१ भरतं. तापमान एक अंश वाढलं की ०.०८ ग्रॅमच्या आसपास कमी धरा, म्हणजे २५ अंशांला शुद्ध आयपीए ७८.१. फ्लास्क रिकामा आणि कोरडा असताना तोलून ठेवा. द्रवाचं तापमान मोजल्याशिवाय आकडा लिहू नका, कारण एप्रिलच्या दुपारी ३५ अंशांचं आयपीए तोललं तर पाणी असूनही वजन हलकं दिसतं.

काच. आरशाच्या स्वच्छ तुकड्यावर पाच थेंब टाका, उडू द्या, मग तिरप्या उजेडात बघा. कड उमटली तर उडत न जाणारं काहीतरी त्यात आहे. हे पिंप उघडल्या दिवशीच करायचं, कारण नंतर कड उमटली तर ती पिंपातली की आपल्या बाटलीतली, हे कळत नाही.

मोरचूद. बोर्डो मिश्रणासाठी शेतीच्या दुकानात मिळतो तोच. जुन्या लोखंडी पळीत, हवेशीर जागी, निळा रंग जाऊन पांढरी भुकटी होईपर्यंत मंद आचेवर तापवा. काळपट व्हायला लागली तर आच जास्त झाली. पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. चिमूटभर पांढरी भुकटी परीक्षानळीत घेऊन त्यावर आयपीए ओता आणि बूच लावा. भुकटी निळसर झाली तर पाणी आहे. किती आहे हे यातून कळत नाही, त्यासाठी वजनच. ही परीक्षा आयपीए आणि एथॅनॉलला चालते, मेथॅनॉलला नाही, कारण मोरचूद मेथॅनॉलमध्ये थोडा विरघळतो आणि रंग फसवतो. मोरचूद विषारी आहे, पळी परत स्वयंपाकघरात जाता कामा नये.

पुसायची रीत

पहिली चूक इथंच होते: कटिंग ऑइलनं माखलेला जॉब थेट आयपीएनं पुसणं. आयपीए जड खनिज तेल थोडंफार उचलतं, पण पुरेसं नाही. ते तेल पातळ करून सगळीकडं सारखं पसरवून ठेवतं. जड तेल आधी मिनरल टर्पेंटाइननं किंवा कोमट अल्कलाइन क्लीनरनं काढा. सोल्युबल ऑइलचा कूलंट वापरला असेल तर क्लीनरच हवा, कारण त्यातली साबणासारखी द्रव्यं आणि क्षार कोरड्या आयपीएत नीट विरघळत नाहीत. बोटांच्या ठशांचंही तसंच आहे. ठशातला तेलकट भाग आयपीए काढतं, घामातलं मीठ मागं राहतं, आणि दोन दिवसांनी अंगठ्याचा ठसा गंजाच्या रूपात परत येतो. मीठ पाण्यानं जातं, म्हणून धुणं आधी आणि आयपीए शेवटी. शेवटचं विसळणं बोअरच्या पाण्यानं करू नका, त्यातले क्षार सुकल्यावर तिथंच बसतात. आरओचं किंवा डीआयचं (डीआयोनाइज्ड, क्षार काढलेलं) पाणी घ्या.

मग पुढं असं:

१. जॉब खोलीच्या तापमानाला आलेला असू द्या. पावसाळ्यात खोलीपेक्षा ५ ते ८ अंश गरम असलेला बरा, पण ४० अंशांच्या वर नको. गरम करायचं ते अल्कोहोल लावायच्या आधी आणि दुसऱ्या जागी.

२. कापड पांढरं, सुती, धुतलेलं, खळ आणि फॅब्रिक सॉफ्टनर नसलेलं, धागे न सोडणारं घ्या. रंगीत बनियन वेस्ट चालत नाही, अल्कोहोल त्यातला रंग ओढतं आणि तो जॉबवर सोडतं.

३. हातात पावडर नसलेले नायट्राइलचे मोजे.

४. बाटलीतून कापडावर घ्या, जॉबवर ओतू नका. एक फूट बाय एक फूट जागेला ३ ते ५ मिली पुरतं. कापड पिळलं तर थेंब पडता कामा नये.

५. एकाच दिशेनं पुसा. प्रत्येक फेरीला कापडाची घडी बदला. चौकोनी फडकं दोनदा दुमडलं की उलटसुलट घड्या घालून आठ स्वच्छ बाजू मिळतात. गोल गोल फिरवलं की उचललेली घाण परत तिथंच जाते.

६. ओलावा दिसत असतानाच, दहा सेकंदांच्या आत, दुसऱ्या कोरड्या फडक्यानं तो उचला. आयपीए आपोआप उडू दिलं तर त्यात विरघळलेलं तेल जागच्या जागी बसतं. सगळ्या पद्धतीत ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते, आणि रंग सुटण्याच्या, चिकटवलेला सांधा निघण्याच्या बऱ्याच तक्रारी इथूनच सुरू होतात.

७. कोरडं फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा करा.

बीडाच्या (कास्ट आयर्नच्या) जॉबला सातवी पायरी फसवते. बीडात ग्रॅफाइट असतो आणि तो दर फेरीला फडक्यावर काळा उतरत राहतो. विसाव्या फेरीलाही फडकं काळंच निघेल, म्हणून जॉब घाणेरडा आहे असं होत नाही. बीडासाठी तीन फेऱ्या करा आणि पाण्याची परीक्षा घ्या: नमुन्याच्या एका तुकड्यावर डीआयचं पाणी सोडा. पाण्याचा पडदा सलग राहिला, तीस सेकंद कुठंही तुटला नाही, तर तेल गेलेलं आहे. पडदा फाटून थेंब जमले तर तिथं तेल आहे. ही परीक्षा ग्राहकाच्या जॉबवर करू नका. केलीच तर लगेच आयपीएनं पाणी काढून तेल लावा.

पुसल्यावर जे करायचं ते लगेच. रंग, चिकट, थ्रेड लॉकर, डाय पेनिट्रंट (चिरा शोधायचा रंगीत द्रव), काहीही असो, अर्ध्या तासाच्या आत. स्वच्छ धातू हवेतली तेलकट वाफ पुन्हा ओढतो, आणि शेजारी लेथवर कूलंटचं धुकं उडत असेल तर अर्धा तासही जास्त होतो.

पावसाळ्याचा हिशेब

आयपीए उडताना जॉबची उष्णता घेतं. हातावर थेंब पडला की गार लागतं, ते हेच. पातळ पत्रा किंवा छोटा जॉब काही सेकंदांत बरेच अंश उतरतो.

जुलैत २५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २२.३ अंशांवर येतो. म्हणजे जॉब तीन अंशही गार झाला तर हवेतलं पाणी त्यावर बसणार, आणि नुकतंच तेल काढलेलं लोखंड त्या पाण्याला उघडंच असतं. एप्रिलमध्ये ३६ अंश आणि २५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू १३च्या खाली असतो. जॉब वीस अंश गार होऊनही काही होत नाही. तीच बाटली, तोच माणूस, तीच रीत, आणि एप्रिलमध्ये जॉब स्वच्छ तर जुलैत तांबेरा. खानापूरच्या बाजूला पाऊस आणखी जोराचा, तिथं हा प्रश्न जूनपासूनच सुरू होतो.

भिंतीवर आर्द्रता आणि तापमान दाखवणारा मीटर लावा, आणि जॉबचं तापमान दवबिंदूपेक्षा पुसून झाल्यावरही किमान ३ अंश वर राहील हे बघा. रंगकामातली ही जुनी मर्यादा इथंही चालते. जॉब थोडा गरम घेणं, कमी आयपीए वापरणं आणि ते उडण्याआधी फडक्यानं उचलणं, या तिन्हींनी गारवा कमी होतो. गोडाऊनच्या गार फरशीवरून आणलेला जड ब्लॉक थेट पुसू नका, आधी दोन-तीन तास शॉपमध्ये ठेवा.

आणि डबा. आयपीए हवेतलं पाणी ओढतं. सकाळी उघडलेला रुंद तोंडाचा डबा संध्याकाळपर्यंत तसाच राहिला तर पावसाळ्यात तो रोज थोडा थोडा बिघडतो. पिंपातून एका दिवसापुरतं लहान बाटलीत काढा. उरलेलं पिंपात परत ओतू नका.

पुसलेलं लोखंड रात्रभर ठेवायचं असेल तर पातळ रस्ट प्रिव्हेंटिव्ह तेल किंवा व्हीसीआय कागद (गंज रोखणारी वाफ सोडणारा). दुसरा मार्ग नाही.

धातूगणिक

अॅल्युमिनियम. नेहमीच्या तापमानाला पुसायला आयपीए निर्धास्त वापरा. अडचण तापलेल्या आणि कोरड्या अल्कोहोलची आहे. ऑक्साइडची साय कुठं फाटली तर ती परत धरायला थोडं पाणी लागतं. अगदी कोरड्या अल्कोहोलमध्ये ते नसतं. उकळीच्या आसपास अल्कोहोल थेट अॅल्युमिनियमवर चालून जातं, अॅल्कॉक्साइड तयार होतं आणि हायड्रोजन सुटतो. अॅल्युमिनियम आयसोप्रोपॉक्साइड नावाचं रसायन कारखान्यात अशाच पद्धतीनं बनवतात. ही क्रिया आधी बराच वेळ काही दिसत नाही आणि मग एकदम पेट घेतल्यासारखी वाढते, खड्डे पडतात, राखाडी गाळ साचतो. म्हणून ९९ टक्क्यांचं अल्कोहोल अॅल्युमिनियमच्या भांड्यात गरम करू नका, त्याच्या कॅनमध्ये साठवू नका. साठवणीला एचडीपीई प्लॅस्टिक किंवा स्टेनलेस. अॅल्युमिनियमच्या जॉबला आंधळी भोकं असतील तर पावडर कोटिंगच्या भट्टीत घालण्याआधी जॉब उलटा करून किमान अर्धा तास निथळू द्या. आत अडकलेलं आयपीए भट्टीत उकळून बाहेर येतं, रंगावर फोड धरतात, आणि भट्टीत वाफ जमणं हा वेगळाच धोका आहे.

मॅग्नेशियम. मेथॅनॉल अजिबात नको. मॅग्नेशियमची चीप (मशीनिंगमध्ये निघणारा कीस) नेहमीच्या तापमानालाही मेथॅनॉलशी क्रिया करते, तापते आणि हायड्रोजन सोडते. एकसंध जॉब आयपीएनं पुसता येतो. चीपवर कुठलंच अल्कोहोल ओतू नका.

टायटॅनियम. हत्तरगीच्या एरोस्पेस पार्कमुळं आता हा धातू आपल्या भागातल्या छोट्या शॉपमध्येही येऊ लागेल, म्हणून हे सविस्तर. टायटॅनियमच्या ताणाखालच्या मिश्रधातूला कोरड्या मेथॅनॉलनं चिरा पडतात. १९६६ साली अपोलो अवकाशयानाच्या सर्व्हिस मोड्यूलच्या टायटॅनियमच्या टाक्या दाबाच्या चाचणीत फुटल्या, तेव्हा चाचणीचा द्रव म्हणून मेथॅनॉल भरलेलं होतं. क्लोराइडचा अंश असेल तर चिरा लवकर पडतात, थोडं पाणी असेल तर थांबतात. ग्राहकाच्या ड्रॉइंगवर किंवा प्रोसेस शीटवर ज्या द्रवाचं नाव आहे तोच वापरा. ‘अल्कोहोल’ एवढंच लिहिलेलं असेल तर कुठलं ते लेखी विचारून घ्या.

साधं पोलाद. पुसायला काही अडचण नाही, प्रश्न गंजाचा, तो वर आला. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत काम करणाऱ्यांसाठी मात्र एक गोष्ट: इंधनाच्या प्रतीच्या एथॅनॉलच्या टाक्यांमध्ये साध्या पोलादाला वेल्डच्या शेजारी ताणगंजाच्या चिरा पडल्याचं परदेशात नोंदलं गेलं आहे, आणि द्रवात मुरलेला ऑक्सिजन त्याला कारण ठरतो. टाकीची तपासणी करताना वेल्डची कड सोडू नका.

तांबं, पितळ. थंड आयपीएनं काही होत नाही. गरम तांब्याची गोष्ट रंजक आहे. तापवून लालबुंद झालेलं, वरून काळं पडलेलं तांबं अल्कोहोलच्या वाफेत नेलं की ते पुन्हा गुलाबी होतं, कारण वरच्या काळ्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन अल्कोहोल घेतं. तांब्याची सळई ओतणाऱ्या कारखान्यांत आम्लाऐवजी आयपीए मिसळलेल्या पाण्यानं गरम सळई याच तत्त्वावर साफ करतात. पण या क्रियेत अल्कोहोलचं दुसरं काहीतरी होतं: आयपीएचं अॅसिटोन, एथॅनॉलचं अॅसिटाल्डिहाइड, मेथॅनॉलचं फॉर्मल्डिहाइड. ब्रेझिंग केलेला गरम सांधा स्पिरिटच्या डब्यात बुडवून चकाकी आणायची युक्ती म्हणून करू नका. आगीचा धोका उघड आहे, आणि डोळ्यांना झोंबणारी ती वाफ विषारी असते.

जस्त आणि गॅल्व्हनाइज्ड पत्रा. ताजं आयपीए चालतं. जुनं स्पिरिट किंवा पाणी जास्त असलेलं अल्कोहोल पांढरे डाग ठेवतं. गॅल्व्हनाइज्ड डब्यात साठवण नको.

धातूबरोबर जॉबवर आणखी काय आहे तेही बघावं लागतं. हायड्रॉलिक सिलिंडर जोडताना पॉलियुरेथेनचे सील अल्कोहोलनं फुगतात, नायट्राइलचे चांगले टिकतात. सील बसवण्याआधी रॉड आणि खाचा पुसा आणि पूर्ण कोरडं झाल्यावरच सील घाला. मशीनच्या अॅक्रिलिक खिडक्या आयपीएनं पुसू नका, बारीक भेगांचं जाळं पडतं.

पाणी काढायचे तीन टब

धुतलेल्या छोट्या जॉबमधलं पाणी काढायला ही पद्धत फार चांगली. झाकणाचे तीन स्टेनलेस टब, प्रत्येकी ५ लिटर आयपीए. जॉब आधी चांगला निथळा, कारण टबात जितकं पाणी नेलं तितका टब लवकर मरतो. पहिल्या टबात एक मिनिट हलवत बुडवा, दहा सेकंद निथळा, मग दुसरा, मग तिसरा. जास्त पाणी पहिल्यातच उतरतं.

तिसऱ्या टबातलं १०० मिली रोज तोला. २० अंशांचा हिशेब धरून ८० ग्रॅमच्या वर गेलं की बदला. ८१ला थांबू नका, कारण ८८ टक्क्यांची ती कड तिथून फार लांब नाही. बदलताना पहिला टब टाकाऊत, दुसऱ्यातलं पहिल्यात, तिसऱ्यातलं दुसऱ्यात, आणि नवं आयपीए नेहमी तिसऱ्यात. टबात तेल उतरलं असेल तर वजन फसवतं, म्हणून त्याबरोबर काचेची परीक्षाही करा.

वापरलेलं आयपीए शॉपमध्ये घरगुती पद्धतीनं ऊर्ध्वपातन करून परत वापरायचा मोह आवरा. ८८ टक्क्यांच्या वर ते जात नाही, आणि अर्धवट भरलेल्या बाटलीत उजेडात वर्षानुवर्षं राहिलेल्या आयपीएत पेरॉक्साइड तयार होतात. शेवटपर्यंत आटवलं तर ते तळाशी दाट होऊन स्फोट होऊ शकतो.

फाउंड्रीतलं कोटिंग

बेळगावच्या फाउंड्रीत आयपीए पिंपांनी जातं ते साच्याच्या आणि कोअरच्या (साच्यात पोकळीसाठी ठेवलेल्या वाळूच्या गाभ्याच्या) कोटिंगसाठी. झिर्कॉन किंवा ग्रॅफाइटची भुकटी आयपीएत मिसळून वाळूवर लावतात आणि काडी लावून अल्कोहोल जाळून टाकतात. इथं आयपीएचा धातूशी थेट संबंध येत नाही, आयपीएमध्ये राहिलेल्या पाण्याचा येतो. पाणी जळत नाही. ते कोटिंगच्या थरात राहतं, वितळलेलं लोखंड आलं की वाफ होते, त्यातला हायड्रोजन लोखंडात शिरतो आणि थंड झाल्यावर कातड्याखाली सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. मशीनिंगचा पहिला कट गेला की ती उघडी पडतात, आणि तोवर दोष वाळूवर, बाइंडरवर, मेल्टरवर गेलेला असतो.

म्हणून कोटिंग पातळ करायला पाणी लागलेलं किंवा टबातलं टाकाऊ आयपीए वापरू नका. भुकटी तळाशी बसते, दर अर्ध्या तासानं तळापासून ढवळा. दाटपणा फ्लो कपनं किंवा बॉमे मीटरनं मोजा आणि कोटिंग बनवणाऱ्याच्या पत्रकातल्या आकड्याशी जुळवा, बोट बुडवून अंदाज करू नका. लावल्याबरोबर पेटवा. जितका उशीर तितकं अल्कोहोल वाळूत खोल जातं, वरचा थर जळतो, आत ओल राहते आणि वाळूची पकड सैल पडते. ज्योत विझल्यावर खोलगट कोपऱ्यांत आणि खाचांत कोटिंग साचलं आहे का बघा. तिथला थर जाड असतो, कोरडा दिसतो आणि आत ओला असतो. अशा जागी टॉर्च फिरवा.

स्वस्त म्हणून मेथॅनॉल मिसळलेलं कोटिंग घेत असाल तर एक लक्षात ठेवा: मेथॅनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. विझली समजून माणूस हात घालतो.

आग आणि बाटल्या

आयपीए, एथॅनॉल, मेथॅनॉल, तिघांचाही फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वाफ ठिणगीनं पेटू शकते ते, ११ ते १३ अंशांच्या आसपास आहे. आपल्याकडं डिसेंबरच्या पहाटे सोडलं तर शॉपचं तापमान कायम त्याच्या वर असतं. म्हणजे उघड्या डब्यावर पेटू शकणारी वाफ वर्षभर असतेच.

एक लिटर आयपीए पूर्ण उडालं तर ३२० लिटरच्या आसपास वाफ होते. आयपीएची वाफ हवेत २ टक्के झाली की ठिणगीनं भडका उडू शकतो. हिशेब केला तर एक लिटर सांडलेलं आयपीए अडीच मीटर लांब, रुंद आणि उंच खोलीला धोक्यात आणायला पुरेसं आहे. आणि वाफ हवेपेक्षा दुपटीनं जड असल्यामुळं ती खोलीभर सारखी पसरत नाही, फरशीवर आणि गटारात साचते, जिथं मर्यादा आधीच ओलांडलेली असते. खिडकी उघडून भागत नाही, वारा खालून निघाला पाहिजे. ग्राइंडर, वेल्डिंग आणि साधा प्लग सॉकेट यांपासून लांब जागा निवडा. स्प्रे गननं आयपीए मारू नका. पिंपातून धातूच्या भांड्यात काढताना दोन्ही तारेनं जोडून अर्थिंग करा. आगीसाठी ड्राय पावडर किंवा सीओटू ठेवा. फोमचा सिलिंडर असेल तर तो अल्कोहोलला चालणारा आहे का ते लेबलवर बघा, साधा फोम अल्कोहोलवर विरघळून बसतो.

फडकी झाकणाच्या लोखंडी डब्यात, आणि डबा रोज शिफ्ट संपताना शॉपच्या बाहेर. बाटलीवर नाव मराठी आणि कन्नड दोन्हींत मोठ्या अक्षरांत लिहा, कारण रात्रपाळीत बाटली कोण उचलेल सांगता येत नाही. बिसलेरीच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत आयपीए कधीच भरू नका, मेथॅनॉल तर मुळीच नाही.

टाकाऊ अल्कोहोल गटारात जाऊ देऊ नका, अधिकृतरीत्या धोकादायक कचरा उचलणाऱ्याकडं द्या. त्यात अॅल्युमिनियमची किंवा मॅग्नेशियमची चीप पडलेली असेल तर ते कॅन बूच घट्ट लावून ठेवायचं नाही. आत हायड्रोजन सुटत राहतो आणि कॅन फुगतं. चीप गाळून वेगळी काढा, आणि कॅनला दाब सोडणारं बूच बसवा.